यादीबाहेरचा पहिला

कंट्रोल रूममध्ये दाराजवळ एक खुर्ची होती. तिला सगळे सासरची खुर्ची म्हणत. नियम साधा होता. ज्याने प्रोग्राममध्ये काही बदल केला असेल, त्याने तो बदल सुरू होईल त्या दिवशी आपलं गारेगार ऑफिस सोडून इथे यायचं आणि शिफ्ट संपेपर्यंत त्या खुर्चीवर बसायचं. काम काही नाही. आपण लिहिलेल्या गोष्टीशी इथल्या माणसांना कसा संसार करावा लागतो, तेवढं डोळ्यांनी बघायचं. नव्या सुनेकडे घरातले सगळे जसे आपापली कामं करता करता तिरपं बघतात, तशी अख्खी खोली त्या खुर्चीकडे बघायची.

हा नियम ताईने केला होता. ताई म्हणजे तिथली शिफ्टप्रमुख. वयाने मोठे चालकसुद्धा तिला ताईच म्हणत. आज खुर्चीवर तिची सख्खी धाकटी बहीण बसली होती, म्हणून नियम काही सैल झाला नव्हता. उलट ताईने तिला साधं पाणीही विचारलं नव्हतं.

धाकटीला त्याचं काही नव्हतं. ती आज खुशीत होती. गेलं वर्षभर ताईने तिचं डोकं खाल्लं होतं. घरी, दारी, फोनवर, जेवायला बसल्यावर एकच रड: "तुझी यादी झोपा काढते." आणि ते खोटंही नव्हतं. मदतीचे फोन इथे यायचे. फोन घेणाऱ्या मुली काय झालंय, कुठे झालंय ते विचारून टाइप करायच्या. प्रोग्राम त्यावरून गंभीरपणाचे गुण काढायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांचा क्रम लावायचा. ज्याचा जीव जास्त धोक्यात तो वर. जो वर, त्याच्याकडे जवळची ॲम्ब्युलन्स आधी. पण गर्दी झाली की क्रम लावता लावता स्क्रीन अडकायचा. मुली हात बांधून भिंतीकडे बघत बसायच्या आणि ताईचा संताप व्हायचा.

धाकटीने तो क्रम लावण्याचा भागच उघडला. त्यात नवा कॉल यादीच्या शेवटी उभा राहायचा आणि एकेकाला ओलांडत पुढे सरकायचा. प्रत्येक पावलाला दोन प्रश्न असायचे. एक, मी तुझ्यापेक्षा गंभीर आहे का? दोन, यादीची सुरुवात आली का, पुढे भिंत तर नाही? दुसरा प्रश्न तिला निव्वळ भित्रेपणा वाटला. दर पावलाला भिंत कशाला चाचपायची? नवा कॉल पहिल्या नंबरपेक्षा गंभीर आहे का, एवढं सुरुवातीला एकदाच विचारू. असेल तर त्याला सरळ वर नेऊन बसवू. नसेल तर चालू दे बिनधास्त. पहिल्या नंबरशी पोचला की तो अडवेलच. तिने भिंतीचा प्रश्न काढून टाकला आणि यादी पळायला लागली.

तिच्या ऑफिसात एक सहकारी होता. तो प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचा, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत. तो म्हणाला होता, "आणि पहिल्याने अडवलं नाही तर?"

"का नाही अडवणार? त्याचं कामच ते आहे."

"मेमरीत भिंतीपलीकडेही काहीतरी असतं बाई. मोकळं मैदान नसतं ते."

ती हसली. चाचण्या सगळ्या पास झाल्या होत्या. शेवटी शंकासुरानेही मान डोलावली, कारण रोज रोज नाही म्हणायचाही माणसाला कंटाळा येतो.

मग अगदी शेवटच्या क्षणी ताईचा फोन आला होता. दोन कॉलचे गुण सारखे असतील तर नंतरचा पुढे घे, म्हणाली; त्याचा माणूस अजून फोनवर असतो, त्याला काय करायचं ते सांगता येतं. मागणी रास्त होती. धाकटीने तो नियम चालण्याच्या प्रश्नात घातला: बरोबरी असेल तरी ओलांडून जा. सुरुवातीला एकदा विचारायच्या प्रश्नात मात्र तो घालायचा राहिला. एवढंच झालं. घाईत एका ठिकाणी लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी नाही.

दुपार अर्धी सरली असेल, तेव्हा शहराच्या टोकाच्या बर्फाच्या कारखान्यात वायूची नळी फुटली. बघता बघता सगळे फोन एकदम वाजू लागले. डोळे चुरचुरताहेत, उलट्या होताहेत, मूल निपचित पडलंय. मुलींना श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. पण यादी अडकली नाही. कॉल येत होते, सटासट आपल्या जागी बसत होते, गाड्या सुटत होत्या. ताईने एकदा मागे वळून खुर्चीकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. ताईकडून एवढं मिळणं म्हणजे सत्कारच होता. धाकटीच्या छातीत काहीतरी फुलून आलं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. मिशीवाले बोलत होते. ते सगळ्यात जुने चालक, गाडी उलटली तरी आवाज चढवणार नाहीत असे.

"ताई, दिलेल्या पत्त्यावर पोचलो. पण इथे आम्ही मघाशीच येऊन गेलोय. पाय मुरगळलेले आजोबा. ते स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघतायत आणि विचारतायत, काही विसरलात का म्हणून."

एवढ्या गडबडीतही दोघीतिघी हसल्या. धाकटीने स्क्रीनकडे बघितलं. सगळ्यात वर, पहिल्या नंबरला लिहिलं होतं: पाय मुरगळला. त्याच्या खाली, दुसऱ्या नंबरला, कारखान्यातला एक कामगार: श्वास नाही. त्याच्यापाशी गाडी केव्हाच पोचली होती.

मुरगळलेला पाय त्या माणसाच्या वर बसूच शकत नव्हता.

"कुणीतरी चुकून दुसऱ्यांदा टाकलं असेल," ताई वायरलेसवर म्हणाली. "मिशीवाले, केस बंद करा आणि कारखान्याकडे..."

"बंद करू नका."

धाकटी उभी राहिली होती. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. सासरच्या खुर्चीवरून आजवर कुणी असं बोललं नव्हतं. ताईच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, ही केस कुणी टाकलेली नाही. माझ्या प्रोग्रामने आणलीय. यादीच्या भिंतीला लागून एक जागा आहे, शेवटची बंद झालेली केस तिथे पडून असते. ती आत आलीय. म्हणजे तिच्या बदल्यात कुणीतरी बाहेर गेलंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"आत्ता फोन केलेलं कुणीतरी. तो कॉल चालत चालत पहिल्यालाही ओलांडून भिंतीबाहेर गेला. यादीत नाहीच तो. त्याच्याकडे गाडी गेलेली नाही आणि जाणारही नाही." तिने स्क्रीनवरच्या दुसऱ्या नंबरकडे बोट दाखवलं. "आणि पहिल्याला तोच ओलांडू शकतो, ज्याचे गुण पहिल्याच्या बरोबरीचे आहेत."

ताईने दुसऱ्या नंबरवरचे ते दोन शब्द वाचले. श्वास नाही. कुठेतरी कुणाचातरी श्वास थांबलेला होता आणि घरच्यांना वाटत होतं की गाडी निघाली. एका वेळी दोन माणसांचे श्वास थांबलेत असं धाकटीच्या चाचण्यांत कधी आलंच नव्हतं. बरोबरी व्हायची ती यादीच्या मधेच कुठेतरी. डोक्यावर कधी नाही.

"कोण आहे ते शोध," ताई म्हणाली. "फोन कुणी घेतला ते विचारायचं तर या मुलींना दुसरा श्वास घ्यायला..."

"त्यांना नको विचारूस, त्यांनी शेकड्यांनी घेतलेत. ते माणूस अजून आहे, मेमरीत, त्याच जागेवर. मी वाचू शकते. पण आता कुणीही केस बंद केली की तिथेच लिहिली जाईल. हे पुसलं जाईल."

कारखान्याकडे गेलेल्या पहिल्या गाड्या नेमक्या आत्ताच हॉस्पिटलला पोचत होत्या. रुग्ण उतरवायचा आणि गाडीतलं बटण दाबून केस बंद करायची, ही त्यांची हाताची सवय होती. बंद केल्याशिवाय गाडी मोकळी दिसणार नव्हती आणि मोकळी दिसल्याशिवाय पुढच्याला मिळणार नव्हती. ताईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिने वायरलेस तोंडाशी धरला.

"सगळ्या गाड्यांना सांगतेय. केस कुणीही बंद करायची नाही. रुग्ण उतरवला तरी नाही. बटणाला हात लावायचा नाही."

"ताई, आम्ही रिकामे झालो, इकडे फाटकात माणसं..."

"रिकामे झालात तर तोंडी सांगा. मी तोंडीच पाठवते. बटण नाही म्हणजे नाही."

धाकटीने लॅपटॉप मांडीवर घेतला. हात असे थरथरत होते की पासवर्ड एकदा चुकला. चालू प्रोग्रामच्या पोटात डोकवायची सोय होती. ती तिने आपल्या सोयीसाठी ठेवली होती, असल्या दिवसासाठी नाही. आकड्यांच्या ओळी पडद्यावर उतरायला लागल्या. कानावर ताईचा आवाज पडत होता: तुम्ही तिकडे जा, तुम्ही थांबा, नाही, बटण नाही, मी काय सांगितलं? ती आता सगळी यादी डोक्यात धरून एकटी शहर हाकत होती.

आणि त्या क्षणी धाकटीच्या मनात एक विचार आला, नाही असं नाही. कुणीतरी सवयीने बटण दाबलं तर हे सगळं पुसलं जाईल. मुरगळलेला पाय दोनदा टाइप झाला असंच सगळे म्हणतील. तिच्याकडे बोटही दाखवता येणार नाही. विचार आला तसा गेला, पण आलेला तिला कळला, आणि त्याची तिला इतकी किळस वाटली की हात एकदम स्थिर झाले.

यादीची सुरुवात सापडली. तिथून एक जागा मागे. भिंतीपलीकडे.

"बाई," ती मोठ्याने वाचू लागली. "श्वास नाही. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शिंप्याचं दुकान, वरचा माळा."

"मिशीवाले," ताई म्हणाली, "आजोबांना रामराम करा आणि सुटा. लांब आहे, पण मोकळे तुम्हीच आहात." मग तिने बहिणीकडे बघितलं. "नंबर आहे ना? फोन लाव."

"मी?"

"बाकी कुणाचे कान रिकामे दिसतायत तुला?"

"ताई, मला नाही येत."

"समोर कार्ड आहे. त्यावर लिहिलंय ते वाचायचं. बस."

ताईने स्वतःचा हेडसेट काढून तिच्या डोक्यात घातला. लहानपणी शाळेत जाताना टोपी घालायची तसा.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. "कुठवर आलेत?" पुरुषाचा आवाज होता. "मी खिडकीतच उभा आहे. तुमच्या बाई म्हणाल्या गाडी निघाली."

धाकटीने आजवर हजारो कॉलचा क्रम लावला होता. त्यातला एकही तिच्याशी बोलला नव्हता.

"गाडी आत्ता निघालीय," ती म्हणाली. "खिडकीतून मागे या. बायको आहेत का तुमच्या?"

"हो. वाफ आली खालून, ती खोकायला लागली, मग पडली. हलत नाही."

"त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ ठेवा आणि जोरात दाबा. सोडा. पुन्हा दाबा. मी मोजते, माझ्याबरोबर दाबा."

"तिला लागेल."

कार्डावर याचं उत्तर नव्हतं. "लागू दे," धाकटी म्हणाली. "दाबा. एक. दोन. तीन. चार."

ती मोजत राहिली. पलीकडून त्याचे धापा टाकत घेतलेले श्वास येत होते आणि फळीचा करकर आवाज. मधेच तो रडायला लागला, तरी दाबत होता. करकर थांबली नव्हती. मधेच म्हणाला, "थकलो." तिने आवाज चढवला, "थांबायचं नाही. एक. दोन." आपण रडतोय हे तिला हनुवटीवरून थेंब कार्डावर पडला तेव्हा कळलं. आजूबाजूला खोली तशीच गजबजलेली होती, पण तिच्या कानात फक्त ती फळी होती. ती थांबली की सगळं थांबणार होतं.

मग जिन्यावर पावलं वाजली. मिशीवाल्यांचा आवाज आला, "सरका साहेब, आता आम्ही बघतो." फोन जमिनीवर पडला. दुसऱ्याच कुणीतरी मोजायला सुरुवात केली. धाकटी तरीही मोजत होती. शेवटी ताईने मागून येऊन हेडसेट काढून घेतला.

"पुरे. ते आता त्यांच्याकडे आहे."

बऱ्याच वेळाने वायरलेसवर मिशीवाल्यांनी एवढंच सांगितलं, "नाडी लागलीय. बारीक आहे, पण आहे." तेव्हा कुठे धाकटीच्या जिवात जीव आला. ती पुन्हा सासरच्या खुर्चीवर बसली. कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. वर बघितलं तर ताई होती.

तोपर्यंत जुना प्रोग्राम परत लावून झाला होता आणि यादी पुन्हा झोपा काढायला लागली होती. त्या दिवशी त्या झोपेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"बरोबरीचा नियम मी सांगितला होता," ताई हळूच म्हणाली. "वरच्यांनी विचारलं तर मी तेच सांगणार."

"सांगितलास तू. लिहिला मी. भिंत काढली तीही मीच. तुझी मागणी बरोबर होती, ताई, ती नको काढूस मधे."

ताई बहिणीच्या खुर्चीला हात लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शंकासुराने 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. ते त्याने म्हटलं असतं तर धाकटीला बरं वाटलं असतं. दोघांनी मिळून क्रम लावण्याचा भाग पहिल्यापासून लिहिला. खरं तर एकेक पाऊल चालायची गरजच नव्हती. यादी आधीपासून क्रमाने लागलेली असते. नव्या कॉलने सरळ मधल्याला विचारायचं, मग उरलेल्या अर्ध्यातल्या मधल्याला, की सात-आठ पावलांत जागा सापडते. आणि पावलंच इतकी थोडी झाली की प्रत्येकाला भिंतीचा प्रश्न खुशाल विचारावा, वेळ जातोच कुठे? सारख्या गुणांचा नियम आता एकाच जागी लिहिला. चाचणीत डोक्यावर दोन, तीन, दहा बरोबरीचे कॉल घातले. यादी पळाली, आणि भिंतीच्या आत राहिली. हे आधी सुचलं नाही, कारण तिला काम कमी करायचं सुचलं नव्हतं. खबरदारी कमी करायचं सुचलं होतं. या विचाराने तिला दिवसभर जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ती हॉस्पिटलमध्ये गेली. कुणी सांगितलं नव्हतं. उलट वरून निरोप होता की चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणी काही बोलू नये.

बाई खाटेवर होती, नाकातोंडाला नळ्या, डोळे मिटलेले. पण छाती वरखाली होत होती. धाकटी ती छातीच बघत राहिली. शेजारी स्टुलावर बसलेला माणूस उठला. त्याच्या सदऱ्याला खिशाजवळ सुई दोऱ्यासकट टोचलेली होती, काढायची राहून गेलेली.

"कोण आपण?"

"मी काल फोनवर मोजत होते."

त्याने दोन्ही हात जोडले. मग त्याने घाईघाईने स्टूल पुढे ओढलं, हाताने पुसलं. "बसा ना. बसा. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं. आताही बोलायला वेळ लागेल म्हणतात, उजवा हात अजून हलत नाही. पण आहे ना. तुमच्यामुळे आहे."

धाकटी उभीच राहिली.

"काल खिडकीत उभा होतो तेव्हा फार शिव्या दिल्या मी तुम्हा लोकांना," तो म्हणाला. "नंतर वाटलं, चुकलं आपलं. केवढी गर्दी होती. कारखान्यातली माणसं, लहान लेकरं. आमचा नंबर कुठेतरी मागे असणार. कुणाला तरी थांबावं लागतंच. कितवा होता हो आमचा नंबर?"

त्याच्या म्हणण्याला हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मागे होता, गर्दी होती, एवढं म्हणून ती त्या पुसलेल्या स्टुलावर बसू शकली असती. त्याने तिच्यासाठी सगळी तयारी करून ठेवली होती.

"पहिला," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. तो अजून हसऱ्याच चेहऱ्याने तिच्याकडे बघत होता.

"तुमचा नंबर पहिला होता. तुमच्या पुढे कुणीच नव्हतं. मी लिहिलेल्या प्रोग्रामने तुम्हाला यादीच्या बाहेर काढलं. तुम्ही खिडकीत उभे होतात तेव्हा तुमच्याकडे गाडी निघालीच नव्हती."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. तो बायकोकडे वळला. तिचा उजवा हात चादरीवर पडला होता, तो त्याने उचलून आपल्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करत बसला. धाकटी निघाली नाही. त्याने जा म्हटलं असतं तर ती गेली असती, बस म्हटलं असतं तर बसली असती. तो काहीच म्हणाला नाही, आणि रिकामं स्टूल दोघांच्या मधे तसंच राहिलं.